ठिबकलं तर ठिबक

मे महिना लागतो, सोसायटीच्या फळ्यावर 'पाणी दिवसाआड' असं लिहिलं जातं आणि गच्चीवर बाग करणाऱ्या आम्हा मंडळींची तोंडं जास्वंदीच्या आधी सुकतात.

पहिला प्रयोग पालथ्या बाटलीचा. झाकणाला भोक पाडून ती मातीत खोचायची. तळ कापला तर पाणी पाव तासात गुल. न कापला तर आत हवा शिरत नाही आणि पाणी रुसून बसतं. त्यापेक्षा सलाइनचा सेट बरा. साध्या सेटचे 20 थेंब म्हणजे 1 मिलिलिटर. मिनिटाला 20 थेंब सोडले की चोवीस तासांत जवळजवळ दीड लिटर. बारा इंची कुंडीतल्या टोमॅटोला तेवढं पुरे. बाटलीतली पातळी उतरली की थेंब मंदावतात, म्हणून सेटच्या नळीवरची थेंब कमी-जास्त करणारी चाकी अधूनमधून फिरवावी लागते. पाहुणे मात्र गच्चीवर आले की दबक्या आवाजात "आता कसं आहे?" असं विचारतात.

एवढ्यावर भागत नाही म्हणून ठिबकचा संच येतो: 16 मिमीची काळी नळी, 4 मिमीच्या बारीक नळ्या, कुंडीत थेंब सोडणारे ड्रिपर आणि हमखास एकाने कमी पडणारे, नळ्या जोडणारे जॉइनर. नळी जॉइनरवर चढत नसेल तर टोक अर्धा मिनिट गरम पाण्यात बुडवावं. सगळं जोडून कॉक उघडावा, तर पहिल्या चार कुंड्यांत तळं आणि शेवटच्या तुळशीला निर्जळी एकादशी.

यात ड्रिपरचा दोष नाही. त्यावरचा '4 लिटर' हा आकडा 1 किलो दाबाचा असतो, आणि त्यासाठी टाकीतलं पाणी कुंडीपेक्षा 10 मीटर उंच हवं. गच्चीवरची टाकी असते जेमतेम दीड मीटर वर. तिथे तोच ड्रिपर तासाला दीड लिटर देतो, तोही मनात असेल तर. अर्धा मीटर उंच स्टँडवर मिरवणारी कुंडी त्यातला एक तृतीयांश दाब आणखी घालवते. दाब सांभाळणारे महागडे ड्रिपर इतक्या कमी दाबाला नीट चालत नाहीत. ठरल्या वेळी आपोआप पाणी सोडणाऱ्या टायमरमध्ये सोलेनॉइडचा, म्हणजे विजेच्या चुंबकाने उघडणारा असेल, तर त्याचंही तेच. टायमर बॉल व्हॉल्व्हचा, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरवून पाणी सोडणारा घ्यावा. उलट सात मजली इमारतीच्या तळमजल्यावर दाब दोन किलोच्या पुढे जातो. तिथे जॉइनर उडतो आणि पाणी थेट काकूंच्या पापडांवर.

गच्चीवाल्यांनी फिरवून कमी-जास्त करता येणारे ड्रिपर लावावेत. जवळच्या कुंडीचा आवळावा, लांबचा सैल सोडावा. टाकीच्या तोंडाशी गाळणी हवीच. पारदर्शक नळी दिसते छान, पण आत शेवाळ त्याहून छान वाढतं. बोअरच्या क्षारांनी तुंबलेले ड्रिपर रात्रभर व्हिनेगरात बुडवले की सुटतात.

आणि एवढा खटाटोप करून माती उघडी ठेवाल तर पाणी झाडाआधी ऊनच पिईल. वर दोन इंच पाचट किंवा वाळकी पानं पसरावीत, खोडाला न चिकटवता. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, वरून कोरडं ठणठणीत दिसतं आणि आत चिंब असतं, तेव्हा डोळ्यांवर विश्वास नको. बोट दोन पेरं आत खुपसावं, ओल लागली तर कॉकला हात लावू नये.

हे शेजाऱ्यांना पटवणं अवघड. म्हणून गावाला जाताना किल्ली त्यांच्याकडे खुशाल द्यावी; झारी मात्र कपाटात कुलपाआड ठेवावी.