बिल्बोनं ते रत्न का दिलं?

माझी वहिनी कोल्हापुरात एका मराठी शाळेत शिकवते. सातवीच्या वर्गानं वर्षभरात एक अख्खी कादंबरी वाचावी, असं तिनं यंदा सुचवलं. कादंबरीही कल्पनारम्य निवडली: टॉल्किनची १९३७ सालची 'द हॉबिट', मराठी अनुवादातून. पालकसभेत यावर बरीच वादावादी झाली. ड्रॅगन आणि बुटक्यांच्या गोष्टींनी स्कॉलरशिपचे मार्क वाढणार आहेत का, असं एकानं विचारलं. जादूटोण्याचं पुस्तक शाळेत कशाला, असं दुसऱ्यानं. मला वजनदार वाटला तो मुख्याध्यापकांचा प्रश्न: मुलांना समजलं की नाही हे तपासायचं कसं?

मी ओहायोत राहते. माझ्या मुलाच्या वर्गानं हेच पुस्तक गेल्या हिवाळ्यात वाचलं, म्हणून या वादात मला बोलायचं आहे. इथलं सगळंच चांगलं असतं असं मुळीच नाही. वाचून झालं की मुलं संगणकावर बहुपर्यायी प्रश्न सोडवतात. बुटके किती होते? तेरा. अंगठी कुठे सापडली? डोंगराखालच्या बोगद्यात. इंटरनेटवर सारांश वाचलेला मुलगाही यात पैकीच्या पैकी मिळवतो. आपल्याकडचं गाईड आणि इथली ही क्विझ, दोन्हींत मूल पुस्तकाबाहेरच राहतं.

पण त्याच वर्गातल्या बाईंनी एक प्रश्न घरी दिला होता. कादंबरीचा नायक बिल्बो हा हॉबिट, म्हणजे बिळात राहणाऱ्या छोट्या माणसांपैकी एक. त्याला सापडलेलं आर्केनस्टोन हे रत्न बुटक्यांचा म्होरक्या थोरिन याला जिवापाड हवं असतं. बिल्बो ते लपवून ठेवतो आणि बुटके असलेल्या डोंगराला वेढा घालून बसलेल्या माणसांच्या पुढाऱ्याच्या, बार्डच्या, हाती देतो. का? उत्तराला आधार देणारी वाक्यं शोधा, पान क्रमांक लिहा. माझ्या मुलानं झटकन लिहिलं, 'तो घाबरला होता.' बाईंनी चूक म्हणून काट मारली नाही, शेजारी फक्त लिहिलं: 'कुठल्या पानावर?' मग तो जेवणाच्या टेबलावर पुस्तक घेऊन बसला, पुढची-मागची पानं चाळत राहिला. रत्न दिल्यावर बिल्बो त्याच रात्री बुटक्यांकडे परत जातो, हे त्याला तेव्हा दिसलं. 'आई, घाबरलेला माणूस परत कशाला जाईल?' असं म्हणून त्यानं आपलं उत्तर स्वतःच खोडलं. आकलन तपासणं म्हणजे हेच, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या कृतिपत्रिकेत 'स्वमत' आहेच. कागदावर आपण कुठेच कमी नाही. पण धड्याचं स्वमत गाईडमध्ये तयार मिळतं आणि पन्नास वह्यांत एकच मत उतरतं. पाठ्यपुस्तकाबाहेरची कादंबरी आली की मुलाला स्वतःच्या मतावाचून पर्याय उरत नाही.

आणि कल्पनारम्यच का? अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या संशोधकांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. खासबागेत कुस्त्या बघत वाढलेल्या पोराला घिस्सा डावाचा उतारा दिला तर तोही असाच पुढे जाईल, आणि त्याला वाचता किती येतं हे आपल्याला कळणारच नाही. हॉबिटचं बीळ मात्र कुणीच पाहिलेलं नाही, ना ताराबाई पार्कातल्या मुलानं, ना कागलहून एसटीनं येणाऱ्या मुलीनं. जे कळेल ते बहुतेक पानावरूनच कळेल.

जादूटोण्याचा आक्षेप इथेही घेतला जातो. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २००० ते २००९ या दशकातल्या, सर्वाधिक आक्षेप घेतलेल्या पुस्तकांची यादी केली, तीत 'हॅरी पॉटर' पहिलं होतं. तरी अनेक ग्रंथपालांनी ती पुस्तकं कपाटातून काढली नाहीत आणि मुलांनी ती वाचली. आपल्या पालकांनी आपल्याच लहानपणी ऐकलेल्या वेताळाच्या गोष्टी आठवाव्यात, एवढंच मी म्हणेन.

वहिनीची अडचण वेगळी आहे, आणि ती मला जास्त सतावते. 'अगं, पंचावन्न पोरं हाईत वर्गात. एवढी उत्तरं तपासायची कधी?' असं ती फोनवर म्हणाली. इथल्या बाईंना एवढा मोठा वर्ग नसतो, त्यामुळे इथली पद्धत तिथे जशीच्या तशी चालणार नाही. माझं म्हणणं इतकंच, की प्रत्येक प्रकरणाला एकच प्रश्न द्यावा, उत्तर तीन ओळींत आणि पान क्रमांकासह घ्यावं, रोज दहा वह्या बघाव्यात. बाकीच्यांनी शेजारच्याची वही वाचून 'कुठल्या पानावर?' एवढंच विचारावं. ते पोरांना नक्की जमेल. रत्न देणं ही चोरी की नाही, यावर तर तास अपुरा पडेल, कारण बुटक्यांशी झालेल्या करारानुसार खजिन्यात बिल्बोचा चौदावा हिस्सा होताच.

राहिला प्रतींचा खर्च. १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर चालवणाऱ्या गावात एका वर्गापुरती पुस्तकं मिळू नयेत, हे मला पटत नाही. दोघांत एक धरली तरी अठ्ठावीस प्रती लागतील. परदेशात असलेल्या आम्ही माजी विद्यार्थ्यांनी त्या घेऊन द्याव्यात. माझ्या वाटणीच्या प्रतींचे पैसे मी वहिनीला कळवले आहेत, बाकीच्यांनी तिच्याशी बोलावं.