टंचाई कॅप्टनची आहे, नव्या लायसन्सवाल्यांची नाही

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडच्या गावोगावच्या ग्रुपवर एक मजकूर फिरू लागतो. “अमेरिकेत पायलटची प्रचंड टंचाई. बारावी सायन्स आणि दीड वर्षाचा कोर्स पुरे. लायसन्स जगात कुठेही चालते. व्हिसा आणि ग्रीन कार्ड विमान कंपनीच काढून देते. दोन वर्षांत कर्ज फिटते.” खाली एजंटाचा नंबर. हा मजकूर वाचून वावर विकायला निघालेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून त्यातलं एकेक वाक्य तपासतो.

टंचाई होती, हे खरं. करोनाच्या काळात अमेरिकेतल्या कंपन्यांनी अनेक वैमानिकांना मुदतीआधी निवृत्त केलं. तिथे प्रवासी विमान कंपनीत वयाच्या ६५व्या वर्षी उड्डाण थांबवावंच लागतं. २०२२मध्ये छोट्या शहरांना जोडणाऱ्या कंपन्यांना माणसं मिळेनात, विमानं उभी राहिली. पण कमतरता कोणाची होती? अनुभवी वैमानिकांची. २००९मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान कोसळलं. त्यानंतर कायदा बदलला आणि २०१३पासून प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसायलाही साधारण १,५०० तासांचं उड्डाण सक्तीचं झालं. लष्करातून आलेल्यांना आणि तिथल्या ठरावीक कॉलेजांतून शिकलेल्यांना थोडी सूट आहे, पण तीही ७५० तासांच्या खाली जात नाही. आपल्या पोराच्या हाती नवं कमर्शियल लायसन्स येतं तेव्हा त्याच्या लॉगबुकात जेमतेम २००-२५० तास असतात. उलट भारतात एवढ्या तासांवर, टाइप रेटिंग (ठरावीक जातीचं विमान उडवण्याचं वेगळं प्रशिक्षण) करून, एअरलाइनमध्ये सहवैमानिक होता येतं. म्हणजे मजकूर पोरांना ज्या देशाकडे धाडतोय, तिथलं दार त्यांच्यासाठी आपल्यापेक्षा जास्त घट्ट बंद आहे.

“लायसन्स जगात कुठेही चालते” हे तर सरळ खोटं. १९४४च्या शिकागो करारानुसार विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशाने दिलेलं किंवा मान्य केलेलं लायसन्स लागतं. भारतीय लायसन्स दाखवून अमेरिकेत फार तर खासगी, बिनपगारी उड्डाणाची परवानगी मिळते. पगारावर उडवायचं तर तिथली लेखी परीक्षा आणि विमानातली चाचणी द्यावी लागते. युरोपात सगळे १३ पेपर नव्याने. अमेरिकेत शिकून आलेल्यालाही इथे डीजीसीएचे, म्हणजे आपल्या विमान वाहतूक नियामकाचे, पेपर आणि चाचणी चुकत नाही. हा खर्च एजंट सांगत नाहीत.

आपल्या देशातही परदेशी कॅप्टन येतात. त्यांना डीजीसीए फाटा नावाची तात्पुरती परवानगी देते, आणि त्याआधी गृह मंत्रालयाची सुरक्षा तपासणी होते. आणतात ते कॅप्टनच, हजारो तास उडवलेले. डिसेंबर २०२५मध्ये विश्रांतीच्या नव्या नियमांमुळे इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा “पायलट नाहीत” असा ओरडा झाला. त्या बातम्यांची कात्रणं आता याच मजकुराला जोडून फिरवली जातात. अनुभवी कॅप्टन एका रात्रीत तयार होत नाही, आणि एक कंपनी सोडून दुसरीत जायचं तर आपल्या नियमाने त्याला वर्षभराची नोटीस द्यावी लागते. ही अडचण नवं लायसन्स काढलेल्या पोराने सुटत नाही.

व्हिसाचं वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. ज्या एच-१बी व्हिसावर आपले इंजिनिअर जातात, तो ज्या कामाला विशिष्ट विषयाची पदवी लागतेच अशा कामासाठी असतो. वैमानिकाच्या कामाला कायद्याने पदवी लागत नाही, म्हणून ते काम त्यात सहसा बसत नाही. ई-३ व्हिसावर काही ऑस्ट्रेलियन वैमानिक तिथे गेले, पण तो व्हिसा फक्त ऑस्ट्रेलियाच्या नागरिकांना मिळतो. ग्रीन कार्डाची वाट आहे, ती मुरलेल्या कॅप्टनसाठी. त्यातही एका देशाला ७ टक्क्यांची मर्यादा असल्याने भारतात जन्मलेल्यांची रांग दहा वर्षांहून लांब. बहुतेक अमेरिकन कंपन्या तिथे काम करण्याचा कायमचा हक्क आधीच हातात असलेल्यांचेच अर्ज घेतात.

“तिथेच इतरांना विमान शिकवून उड्डाणाचे तास भरता येतील,” असंही एजंट म्हणतात. फ्लाइंग स्कूलचे बरेच विद्यार्थी एम-१ व्हिसावर जातात. त्यावर शिक्षण संपल्यानंतर सरावाचं काम जास्तीत जास्त सहा महिने. एफ-१ या दुसऱ्या विद्यार्थी व्हिसावर बारा महिने. उरलेले हजार-बाराशे तास भरायला पूर्णवेळ शिकवूनही बहुधा दीड-दोन वर्षं लागतात. हिशेब इथेच तुटतो.

आता कर्ज. इथे लायसन्सला पन्नास लाखांच्या आसपास लागतात, टाइप रेटिंगचे वेगळे. कंपन्यांची भरती लाटेसारखी येते आणि ओसरते: जेट एअरवेज एप्रिल २०१९मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३मध्ये. तेव्हा हातात लायसन्स आणि डोक्यावर हप्ता घेऊन घरी बसलेली पोरं होती. कापूस-सोयाबीनच्या भरवशावर त्या काळातला हप्ता कोणता बाप भरेल?

पोरीला किंवा पोराला खरंच उडायचं असेल तर जरूर उडू द्या. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आहे, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे, अमरावतीत बेलोऱ्याला एअर इंडियाची अकादमी होते आहे. राज्य सरकारच्या महाज्योती या संस्थेने ओबीसी आणि भटक्या-विमुक्त मुलांसाठी वैमानिक प्रशिक्षणाची योजना आणली होती. तशी योजना चालू आहे का, हे त्यांच्या नागपूरच्या कार्यालयात आधी विचारा. कुठेही पैसे भरण्यापूर्वी डीजीसीएची क्लास २ आणि मग क्लास १ वैद्यकीय तपासणी करून घ्या. रंग ओळखण्यातला दोष किंवा दुसरी एखादी अडचण असेल तर ती काही हजारांतच कळते. आणि एजंटाकडून एवढंच कागदावर लिहून, सहीशिक्क्यासह मागा: नोकरी कोणत्या व्हिसावर, कोणत्या कंपनीत आणि किती तासांच्या अनुभवावर.