मामा, तो पंप आधी खाली ठेवा

शिवाराच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरायला लागलाय. म्हणे अमेरिकेनं मुद्दाम गव्हात बी मिसळून काँग्रेस गवत आपल्याकडं घातलं, त्याची अख्खी जातच विषारी, आणि त्यावर सोडलेला परदेशी भुंगा आता आपली पिकं खाणार, दिसला की औषध मारा. उचगावच्या मामांनी हे वाचून पंप भरला पण, म्हणून लिहायला बसलो.

गव्हाचं बोलायचं तर संशय यायला जागा आहे. 1954 ला अमेरिकेनं पीएल-480 हा कायदा केला, त्याखालीच तिथला गहू आपल्याकडं आला, आणि 1955-56 च्या सुमारास पुण्यात हे गवत लोकांच्या नजरेत आलं. पण रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1814 ला कलकत्त्याच्या बागेतल्या झाडांची यादी छापली त्यात ह्याचं नाव आहे की! गव्हातून आणखी बी आलं असेलही, पण 'मुद्दाम' हे कुठून काढलं? एक झाड पंधरा-वीस हजार बी टाकतं, त्याला कट कशाला पायजे, ट्रकच्या टायरचा चिखल पुरतो.

जात विषारी म्हणणाऱ्यांनी ग्वायूले बघावं. काँग्रेस गवताच्या जातीचं शास्त्रीय नाव पार्थेनियम, आणि तेही पार्थेनियमच, सूर्यफुलाच्या कुळातलं. पण हे गवत न्हवं, कंबरेएवढं झुडूप, रुपेरी करडी पानं, उत्तर मेक्सिको आणि टेक्सासच्या कोरड्या माळावर आपसूक उगवणारं, आणि सालीत चक्क रबर. महायुद्धात जपाननं आग्नेय आशियातले रबराचे मळे घेतले तेव्हा अमेरिकेनं 1942 पासून हेच झुडूप लावायचा मोठा प्रकल्प काढला. साध्या रबराच्या हातमोज्यानं ज्यांचे हात सुजतात त्यांना ह्याचं रबर सहसा चालतं. आपल्या बांधावरच्याची खाज मात्र खरी आहे हां, आमच्या आईचे हात दर श्रावणात कोपरापर्यंत लाल होतात.

आता भुंगा. हा मेक्सिकोचा, काँग्रेस गवत खायला म्हणून 1984 ला बेंगळूरला सोडलेला. ज्वारीच्या दाण्याहून थोडा मोठा, पांढुरक्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. सूर्यफुलाची पानं कुरतडताना तो सापडला होता आणि कर्नाटकातच त्यावरून गदारोळ झाला, ही गोष्ट खरी आहे, पण तपासात निघालं की पानांवर काँग्रेसचे परागकण पडले होते म्हणून तो फसला. भात, मसूर, वाटाण्याला तो तोंड लावत नाही. जुलैत आमच्या बांधावर मी स्वतः बघितलंय, गवताच्या पानांची नुसती जाळी राहिलेली, अळ्या शेंड्याला चिकटलेल्या, आणि दोन हातांवरचं भात तसंच हिरवंगार.

त्याची खरी अडचण वेगळीच आहे, पाऊस सरला की तो मातीत जाऊन झोपतो. भात काढून मसूर टाकतो तेव्हा गवत असतं आणि खाणारा नसतो. तेव्हा मामा, पंप धुऊन ठेवा, आणि दिवाळीनंतर हातमोजे घालून फुलायच्या आधी उपटायला या, मी पण येतो.