कडा पायथ्यापासून बघा

लेख आवडला. प्राचीन त्रिभुज प्रदेशाचे खडक जाणकार मार्गदर्शकासोबतच बघावेत, हे लेखकाचं म्हणणं अगदी पटलं. एक भर घालावीशी वाटते. लेखातल्या फोटोत उठून दिसणारा कड्याच्या माथ्याचा वाळूखडक तेवढा पाहून परत फिरू नका, पायथ्यापासून वर चढत बघा.

तळाशी पापुद्रे सुटणारा, बोटाने चुरला जाणारा काळपट शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन बनलेला खडक. त्यावर बारीक वाळू, मग वर जावं तशी भरड होत जाणारी. कधी अगदी माथ्यावर कोळशाचा पातळ पट्टाही सापडतो. म्हणजे नदीचं मुख समुद्रात पुढे सरकत गेलं आणि खोल पाण्यातल्या चिखलावर आधी वाळू, नंतर दलदल येऊन बसली! साध्या भिंगातूनही कणांमधला हा फरक कळतो.

भूवैज्ञानिक ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी अमेरिकेतल्या बॉनव्हिल या आटलेल्या सरोवराचा अभ्यास करताना वरचे आडवे, मधले तिरपे आणि तळाचे सपाट थर अशी त्रिभुज प्रदेशाची रचना १८८० च्या दशकातच मांडली होती. २०२१ मध्ये पर्सिव्हरन्स यान मंगळावरच्या जेझेरो विवरात उतरवलं, तेही तिथे असाच प्राचीन त्रिभुज प्रदेश आहे म्हणून.

तिरप्या थरांचा उतार मोजताना मात्र जपून. भूकवचाच्या हालचालींनी नंतर अख्खा डोंगरच कललेला असू शकतो, म्हणून वरच्या आडव्या थरांशी ताडून बघायलाच हवं. मार्गदर्शकांना एक विनंती: स्पष्टीकरण देण्याआधी प्रत्येकाला थरांचा उभा आराखडा (खालून वर कोणता थर कुठे, ते दाखवणारा) वहीत स्वतः काढू द्या.