बाकड्यावरचा माणूस कोच होऊ शकत नाही म्हणे

चार दिवसांपासून आमच्या तालुक्यातल्या सगळ्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरून राहिला. थोडक्यात मजकूर असा: मोठा खेळाडूच मोठा कोच होते, ज्याचं खेळण्यात जमलं नाही तो पोटापाण्यासाठी गळ्यात शिट्टी घालते, स्काउट (टीमसाठी नवे खेळाडू हेरणारा) म्हणजे टेप घेऊन उंची मोजत फिरणारा माणूस, आणि खेड्यातल्या पोरांनी बास्केटबॉलच्या नादी लागू नये. खाली मायकल जॉर्डनचा फोटो. मले तो तीन पालकांनी पाठवला, त्यातल्या एकाची पोरगी माह्याकडंच खेळाले येते, म्हणून लिहून राहिलो, नाहीतर कापूस वेचणीच्या दिवसात एवढं टाइप कराले कोणाले टाइम आहे.

आधी ज्याचा फोटो लावला त्याचाच हिशोब करू. खेळाडू म्हणून जॉर्डनबद्दल वादच नाही. पण एनबीए म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगमधल्या वॉशिंग्टन विझार्ड्स टीमचा कारभार हाती आल्यावर २००१ च्या ड्राफ्टमधे (टीमा नवे खेळाडू नंबरानं निवडतात तो कार्यक्रम) पहिल्या नंबरवर त्यानं क्वामे ब्राउन उचलला, हायस्कूलमधून थेट आलेला पोरगा, आणि फसलेल्या निवडीची गोष्ट निघाली की आजही लोक त्याचंच नाव घेतात. पुढं शार्लटची टीम त्याच्या मालकीची असताना २०११-१२ मधे ६६ पैकी ७ मॅच जिंकल्या. सात! मॅजिक जॉन्सननं १९९४ मधे लॉस एंजेलिस लेकर्स टीमचं कोचपद घेतलं, १६ मॅचमधे ५ जिंकल्या, ११ हारल्या, आणि रामराम ठोकला. आता बिल रसेल खेळता खेळता कोच होता आणि १९६८, १९६९ ले बोस्टनले चॅम्पियन केलं हेही खरं, त्यामुळे मोठ्या खेळाडूले जमतच नाही असं माह्यं म्हणणं नाही. 'खेळाडूच' मधला तो 'च' खोटा आहे, एवढंच.

पोटापाण्याचा मुद्दा मले जास्त लागला, कारण युनिव्हर्सिटीच्या टीममधे मी बारावा होतो. बारावा म्हणजे काय ते ज्याले माहीत आहे त्याले माहीत आहे, पाण्याच्या बाटल्या, टॉवेल, आणि बाकडं. एका मॅचमधे समोरचा गार्ड (बॉल खेळवत आणणारा) आमची धुलाई करून राहिला होता आणि मी बसल्या बसल्या पाहिलं का बॉल उजव्या हातात असला की हा मान वर ठेवते, डाव्या हाताले गेला की खाली बॉलकडं पाहते. आत खेळणाऱ्या पाचांपैकी एकालेही ते दिसलं नव्हतं, त्यांची जीभ बाहेर आली होती. टाइमआउटमधे सांगितलं का याले डावीकडंच ढकला. मॅच हारलोच, पण १४ चा फरक ३ वर आला होता. बाकड्यावरून खेळ पूर्ण दिसते भाऊ, आतून आपला माणूस तेवढा दिसते.

फिल जॅक्सन न्यूयॉर्कले बहुतेक राखीवच होता, कोच म्हणून ११ टायटल. पोपोविच एनबीएत एकही मॅच खेळला नाही, सॅन अँटोनियोचा कोच म्हणून ५ टायटल. स्पोएल्स्ट्रा जर्मनीत छोट्या क्लबमधे खेळून आला आणि १९९५ मधे मायामीच्या व्हिडिओ रूममधे टेपा लावाले लागला, तिथून स्काउटिंग, मग असिस्टंट, २००८ ले मुख्य कोच, २०१२ आणि २०१३ ले चॅम्पियन.

आणि केनी नॅट. हे नाव आपल्याकडं फार लोकांना माहीत नाही, पण २०११ मधे हा माणूस आपल्या भारताच्या पुरुष टीमचा कोच म्हणून आला होता. भाऊ कॅल्विन ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंतला, हा मात्र १९८० च्या ड्राफ्टमधे दुसऱ्या राउंडले गेला, एनबीएत मोजक्या मॅच, बाकी खालच्या लीगमधे. मग युटाच्या टीममधे मुख्य कोच जेरी स्लोनच्या हाताखाली वर्षानुवर्षं असिस्टंट, मग क्लीव्हलंड, मग सॅक्रामेंटो. तिथं २००८ च्या डिसेंबरात मुख्य कोचले काढलं आणि २४ पैकी ६ जिंकलेली टीम याच्या गळ्यात मारली. त्यानं ११ जिंकल्या, ४७ हारल्या. मेसेजवाला म्हणन, पाहा, हारलाच ना. हारला, पण दुसऱ्यानं पेरलेलं वावर अर्ध्या हंगामात हाती आलं तर पीक काढून दाखवा म्हणा. त्याच्यानंतर आपल्याकडं आलेला स्कॉट फ्लेमिंग तर एनबीएत खेळलेलाच नाही, आणि त्याच्याच वेळी २०१४ मधे आपल्या टीमनं वुहानले चीनच्या घरी जाऊन चीनले ६५-५८ नं हरवलं.

स्काउटचं थोडक्यात. जेरी वेस्ट लेकर्सचा कोच झाला, मग तीन वर्षं स्काउट म्हणून फिरला, मग १९८२ ले जनरल मॅनेजर. १९९६ मधे त्यानं डिवाचसारखा जमलेला सेंटर (रिंगजवळ खेळणारा उंच खेळाडू) देऊन कोबी ब्रायंट घेतला, उंच देऊन बुटका घेतला म्हणा ना. पुढं मोठा खेळाडू झालेला मनू जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमधे ५८ पैकी ५७ वा. टेपनं निवड होत असती तर हे लोक घरीच बसले असते. मी पण वही ठेवतो. त्यात पॉइंट लिहीत नाही, बास्केट चुकल्यावर पोरगी काय करते ते लिहितो. वर सांगितलेल्या पालकाची पोरगी पाच फूटसुद्धा नाही, पण शॉट चुकला की डोक्याले हात न लावता सगळ्यात आधी मागं पळते.

राहिला खेड्याचा मुद्दा. सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के गावचा, शेतकऱ्याचा पोरगा, २०१५ मधे डॅलसनं ५२ व्या नंबरवर घेतला, ड्राफ्ट झालेला पहिला भारतीय. सात फूट दोन इंच, आणि तरी एनबीएची एक मॅच नाही भेटली, म्हणजे टेपवाला मुद्दा इथंही आडवा पडते.

आमचा पोल ग्रामपंचायतीच्या जुन्या बोअरच्या पाइपाचा आहे, रिंग गावच्या वेल्डिंगवाल्यानं बनवून दिली, बोर्ड प्लायचा, दर पावसाळ्यात फुगते. ज्या भाऊनं मेसेज पहिल्यांदा टाकला त्यांचं हार्डवेअरचं दुकान आहे असं समजलं. एक शीट पाठवा भाऊ, वॉटरप्रूफवाली.