‘डायलिसिस सुरू झालं, आता घरात बसवा’: या मेसेजमधलं काय चूक आहे

सोलापुरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज पुढे पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा: डायलिसिसच्या पेशंटला घराबाहेर काढू नका. मतदानाला अधिकारीच घरी येतात. जायचंच असेल तर एखादं डायलिसिस चुकलं तरी चालतं, उन्हात नारळपाणी पाजा. त्याला सभा-समित्या आणि अर्जांचा ताप देऊ नका.

यातलं एक वाक्य जीवावर बेतणारं आहे, म्हणून आधी तेच घेऊ.

‘एखादं चुकलं तरी चालतं, नारळपाणी पाजा’

किडनी काम करत नसली की दोन डायलिसिसमधलं पाणी आणि पोटॅशियम अंगातच साठत जातं. सोमवार-बुधवार-शुक्रवार पाळी असलेल्याचा शुक्रवार ते सोमवार हा खंड आधीच मोठा असतो. त्यात सोमवार बुडवला तर फुप्फुसात पाणी भरून दम लागतो आणि पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडतात. पुष्कळदा आधी काही जाणवतही नाही. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, ओआरएसमध्येही असतं. ‘लो सोडियम’ मिठात तर सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. मतदानाच्या किंवा सभेच्या मांडवात कुणी प्रेमाने नारळ पुढे केला, तरी पेशंटने नाहीच म्हणायचं.

तहानेचं काय करायचं? साधारण हिशेब असा: दिवसभरात होणारी लघवी अधिक सुमारे 500 मिली. नेमका आकडा डॉक्टर ठरवतात. सकाळीच तेवढं पाणी बाटलीत भरा आणि घोट घोट प्या. चहा, ताक, आमटीचं पाणी, बर्फाचा खडा, सगळं त्याच हिशेबात धरा. मात्र तहान लागते ती मिठामुळे. कडक भाकरीसोबत शेंगाची चटणी आणि लोणचं खाऊन बाहेर पडलात, तर मे महिन्यातल्या सोलापुरात ती बाटली दहा वाजेपर्यंतही पुरणार नाही. शिवाय शेंगदाण्यात फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही असतं. त्या दिवशी चटणी ताटात नकोच.

‘मतदानाला अधिकारी घरी येतात’

सगळ्यांकडे येत नाहीत. 2024 च्या लोकसभा आणि विधानसभा निवडणुकांत घरून मतदानाची सोय 85 वर्षांवरच्यांना आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्यांना होती. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, किडनी निकामी होणं नाही. हे अन्यायाचं आहे, ते बदलायला हवं. तोवर मेसेजवर भरवसा ठेवून घरी वाट पाहत बसलात, तर मत हुकेल.

एक वाट मात्र आहे. किडनीच्या अनेक पेशंटना मूळ आजार मधुमेहाचा असतो. त्यातून दृष्टी गेली असेल किंवा पाय कापावा लागला असेल आणि तसं प्रमाणपत्र असेल, तर घरून मतदानासाठीचा 12-ड अर्ज भरता येतो. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत तो द्यावा लागतो आणि बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राच्या यादीचं काम बघणारे कर्मचारी, तो घरी आणून देतात. अर्ज मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, म्हणून विचार करूनच भरा.

‘घराबाहेर काढूच नका’

अडचण बहुतेक वेळा वेळापत्रकाची असते. सोलापुरात लोकसभेचं मतदान 7 मे 2024 ला, मंगळवारी झालं आणि विधानसभेचं 20 नोव्हेंबरला, बुधवारी. म्हणजे एकदा मंगळवार-गुरुवार-शनिवारवाल्यांची पाळी आड आली, दुसऱ्यांदा सोमवार-बुधवार-शुक्रवारवाल्यांची. तारीख जाहीर झाली की लगेच युनिटमध्ये दुसरी किंवा तिसरी पाळी मागून घ्या, सकाळी सातला मत द्या आणि मग डायलिसिसला जा. उलट क्रम त्रासाचा असतो: डायलिसिसनंतर बीपी उतरतो, पायात गोळे येतात. पहिलीच पाळी मिळाली तर घरी जाऊन पडा, उभं राहून बीपी मोजा, चक्कर येत नसेल तरच निघा. मतदानाची वेळ संपेपर्यंत रांगेत लागलेल्यांना मत देता येतं.

फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी धमनी आणि शीर जोडलेल्या हातावर पिशवी अडकवू नका, गर्दीत तो हात कुणाला धरू देऊ नका, घट्ट बाही घालू नका. सुईच्या जागेतून रक्त आलंच तर दोन बोटांनी नेमक्या त्या जागी दाबून हात वर धरा. कापड करकचून आवळलं तर फिस्टुला बंद पडू शकतो. रक्त थांबत नसेल तर थेट दवाखाना गाठा. मानेत कॅथेटर, म्हणजे डायलिसिसची नळी असेल तर ड्रेसिंग घामाने भिजू देऊ नका, आणि थंडी वाजून ताप आला असेल तर बूथ सोडून दवाखान्यातच जा. आडवं पडल्यावर दम लागत असेल किंवा हातपाय अचानक गळाल्यासारखे वाटत असतील, तरीही तेच.

‘सभा, अर्ज यांचा ताप नको’

या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला सुमारे 500 मिली द्रव फिरतो, म्हणजे चार तासांत 120 लिटर. पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्रात वाया जाणारं पाणी त्याहून वेगळं. पाण्यातलं क्लोरीन कार्बन फिल्टरने नीट काढलं नाही, तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पाणी आणि विजेच्या प्रश्नावर या पेशंटइतकं ज्याचं पणाला लागलंय असा दुसरा नागरिक दाखवा! त्यालाच गप्प बसवायचं?

सरकारी युनिटसाठी माहिती अधिकारात विचारा: गेल्या बारा महिन्यांत आरओच्या पाण्याची तपासणी कोणत्या तारखांना झाली, अहवालांच्या प्रती द्या. शुल्क 10 रुपये, मुदत 30 दिवस. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्जात विषय एकच हवा आणि शब्द 150 च्या आत. हे सगळं डायलिसिसच्या खुर्चीवर बसून मोकळ्या हाताने लिहून होतं.

अधिकारी समोर बसून नागरिकांच्या तक्रारी ऐकतात तो लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तुमची पाळी सोमवारची असेल तर ती मंगळवारवर ढकलू नका, शुक्रवारपासून चार दिवसांचा खंड पडेल. त्याच सोमवारची दुपारची किंवा संध्याकाळची पाळी मागून घ्या.