मोटरची गती आणि ‘वीज वाचवणारा’ रेझिस्टर

रत्नागिरीतल्या माझ्या भाच्याने विज्ञान प्रदर्शनासाठीच्या होडीत, बंद प्लास्टिकच्या तळाशी, मोटरची गती कमी करायला रेझिस्टर (प्रवाहाला रोध करणारा भाग) बसवायला घेतला, म्हणून व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या त्या निरोपाला उत्तर देणे भाग पडले. निरोप म्हणतो: पीडब्ल्यूएमने (वीज भराभर चालू-बंद करून गती कमी करण्याच्या पद्धतीने) डीसी मोटर जळते, त्याऐवजी रेझिस्टर लावला की वीजही वाचते, मॉसफेट (ती वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) तापला तर मोठा हीट सिंक (उष्णता पसरवणारा धातूचा तुकडा) लावावा, डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) अनावश्यक आहे, आणि कोकणच्या दमट हवेत मॉसफेट टिकतच नाही.

वीज वाचते हे विधान सर्वांत घातक आहे. १२ व्होल्टच्या बॅटरीवर मोटरला ६ व्होल्ट द्यायचे असतील आणि ती २ ॲम्पिअर घेत असेल, तर उरलेले ६ व्होल्ट रेझिस्टरवर पडतात, म्हणजे बॅटरीने दिलेल्या २४ वॅटपैकी १२ वॅट निव्वळ उष्णता होते. दुकानात मिळणारा १० वॅटचा पांढरा सिमेंट रेझिस्टरही एवढ्याला पुरत नाही. शिवाय मोटर सुरू होताना सर्वाधिक प्रवाह मागते आणि नेमका तेव्हाच रेझिस्टर अधिक व्होल्ट खातो, त्यामुळे ती अडून बसते. याउलट पीडब्ल्यूएममध्ये मॉसफेट एक तर पूर्ण चालू असतो किंवा पूर्ण बंद. आयआरएलझेड४४एन या मॉसफेटच्या डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) गेटला, म्हणजे त्याला चालू-बंद करणाऱ्या पिनला, ५ व्होल्ट असताना रोध जास्तीत जास्त ०.०२५ ओहम दिला आहे. २ ॲम्पिअरला त्यात ०.१ वॅट उष्णता होते. १२ कुठे आणि ०.१ कुठे!

हीट सिंक उष्णता बाहेर नेतो, कमी करत नाही. आधी मॉसफेट का तापतो ते पाहावे: नावाने जवळपास सारख्या आयआरएफझेड४४एन या मॉसफेटचा रोध डेटाशीटमध्ये गेटच्या १० व्होल्टना दिलेला असतो. अर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या ५ व्होल्टवर हा मॉसफेट अर्धवट उघडू शकतो आणि मग रेझिस्टरसारखाच तापतो.

पीडब्ल्यूएमने मोटर तापते, यात थोडे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो: चालू-बंद करण्याची वारंवारता फार कमी ठेवली तर प्रवाह हेलकावे खातो आणि सरासरी तेवढीच असूनही मोटरचे वेटोळे अधिक तापते. वारंवारता अति वाढवली तर मात्र चालू-बंद होताना मॉसफेट तापतो. खाऱ्या हवेने जोड गंजतात, पण रेझिस्टरचेही गंजतात.

डायोड अनावश्यक म्हणणाऱ्याने मॉसफेट बंद होताच वेटोळ्यातला प्रवाह कुठे जातो, हे सांगावे. वाट नसेल तर व्होल्टेज उसळून मॉसफेटच्या ५५ व्होल्टच्या मर्यादेवर आदळते आणि ती ऊर्जा दर वेळी त्याच्यातच जिरते. मोटरच्या दोन टोकांवर १एन५८२२ हा जलद डायोड उलटा जोडला की प्रवाह मोटरमधूनच फिरत राहतो. तिथे सवयीने १एन४००७ हा साधा डायोड लावू नये. तो या वेगाला मंद पडतो आणि मॉसफेट पुन्हा तापतो.